कर्दळ : वाटल्याने वाढणारे फूलझाड

माळ्याची फारशी मिनतवारी न करविता जी फुलझाडे आपला संसार थाटतात, त्यांत कर्दळीचा मान मोठा आहे. रेल्वे-स्थानकाच्या फलाटालगत, शाळेच्या फाटकापाशी, सरकारी वसाहतीच्या आवारात आणि न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या वाटेवर ती सारख्याच उमेदीने उभी असते. कोणीतरी कधीतरी एक कंद आणून मातीत पुरतो आणि दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच तेथे हिरव्यागार पानांचे दाट बेट तयार होते. लाल, पिवळी, केशरी, गुलाबी, ठिपकेदार अशी फुले वर्षातील बरेच महिने त्यावर डुलत राहतात.

परंतु पुष्कळ घरांत असाही अनुभव येतो की, पहिली दोन वर्षे जोमाने फुललेली कर्दळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी रुसते. पाने भरमसाट, फुले मात्र लहान आणि मोजकी. बेटाच्या मधोमध वाळलेले बुंधे आणि जिवंत कोंब तेवढे कडेला, अशी तिची अवस्था होते. घरधनी खत टाकतो, पाणी वाढवितो आणि शेवटी ‘जमीनच निकस’ म्हणून स्वस्थ बसतो. दोष बहुधा जमिनीचा नसतो. पसरत जाणे हा ज्या झाडाचा स्वभाव, ते वेळच्या वेळी उकरून, फोडून, वाटून दिले नाही तर स्वतःच्याच गर्दीत गुदमरते. कर्दळ लावणे सोपे आहे. ती राखावयाची तर ती वेळेवर वाटली पाहिजे, आणि वाटताना काय द्यावे व काय देऊ नये याचा विवेकही ठेवला पाहिजे.

नाव आणि कूळ

जुन्या मराठीत कर्दळी म्हणजे केळ. पानांच्या साम्यावरून ते नाव या फूलझाडालाही मिळाले असावे. दक्षिणेकडेही लोकांना हेच साम्य जाणवलेले दिसते; तमिळमध्ये हिला ‘कल्‌वाळै’ म्हणतात व त्यातील ‘वाळै’ म्हणजे केळच. तेलुगूत ती ‘मेट्ट तामर’, म्हणजे कोरड्या जमिनीवरचे कमळ, होते. तर बंगालीत तिला ‘सर्वजया’ असे भारदस्त नाव आहे. सत्यनारायणाच्या पूजेत चौरंगाला केळीचे खुंट मिळाले नाहीत तर कर्दळ बांधून वेळ साजरी करण्याची रीतही पुष्कळ घरांतून आहे.

हे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. केळ, हळद, आले आणि कर्दळ ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातील भावंडे होत. मात्र कर्दळीचे मूळ माहेर आपला देश नव्हे. हिच्या सुमारे दहा-बारा जाती अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील आहेत. १७५३ मध्ये लिनीअसने हिच्या एका जातीस ‘कॅना इंडिका’ असे नाव दिले. त्यातील ‘इंडिका’ या शब्दामुळे ती हिंदुस्थानातील असल्याचा समज झाला, परंतु तो शब्द त्या काळी वेस्ट इंडीजकडील वस्तूंनाही सर्रास लावला जात असे. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात हिच्या एका प्रकाराचे कंद प्राचीन काळापासून अन्न म्हणून खाल्ले जात आले आहेत, आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठापासून शेवया करतात. आपल्या बागेतील शोभेच्या कर्दळीचे कंद मात्र खाण्यासाठी वापरू नयेत.

बागेतील आजच्या मोठ्या फुलांच्या कर्दळी या मुद्दाम संकर करून तयार केलेल्या आहेत. चिलीमध्ये फ्रान्सचे राजनैतिक अधिकारी असलेल्या तेओदोर आने यांनी तेथून कर्दळी पॅरिसला नेल्या आणि १८४० नंतरच्या दशकात त्यांचे संकर करण्यास आरंभ केला. पुढे लिओंच्या क्रोझी यांनी शेकडो वाण निर्माण केले, तर इटलीत कार्ल श्प्रेंगर यांनी मऊ, मोठ्या पाकळ्यांचे वाण काढले. आपल्या देशात विल्यम कॅरी यांनी १८२० मध्ये कलकत्त्यास स्थापन केलेल्या कृषी-उद्यानविद्या संस्थेच्या अलिपूर येथील बागेत पर्सी-लँकेस्टर घराण्याने कर्दळीचे अनेक वाण तयार केले.

या संकरांचा एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिउद्यानात (आजची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था) त्रिलोकीनाथ खोशू व त्यांच्या सहकाऱ्यांनी बागेतील कर्दळींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. साध्या कर्दळीत गुणसूत्रांची संख्या १८ असते. पुष्कळ उत्तम वाणांत मात्र ती २७, म्हणजे तिप्पट संचाची, असते. अशा वाणांना बी धरत नाही. त्यांचा वंश टिकतो तो केवळ कंद फोडून लावल्यामुळे. आपल्या अंगणातील सुंदर कर्दळ आपणापर्यंत पोचली आहे ती अनेक अनोळखी हातांनी तिचे तुकडे पुढे दिल्यामुळे, हे लक्षात ठेवावे.

ती पसरते कशी

आपण ज्याला कर्दळीचा कंद किंवा गड्डा म्हणतो ते मूळ नसून जमिनीखाली आडवे वाढणारे खोड होय. त्याचे टोक वर वळून कोंब बनते, कोंबाचा दांडा होतो व दांड्याच्या शेंड्यास फुलांचा तुरा येतो. तेवढ्यात खालच्या बाजूस कंदावरील दुसरा डोळा फुटतो आणि पुढे सरकतो. याप्रमाणे झाड दरवर्षी मधून कडेकडे चालत जाते. मागे राहिलेला कंद जुना व निबर होतो. त्यातून नवीन कोंब क्वचितच येतात, पण जागा मात्र अडलेली राहते. मधल्या मातीतील कसही तोपर्यंत संपलेला असतो. बेट मधोमध पोकळ का होते, याचे उत्तर हे असे आहे.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक दांडा आपल्या आयुष्यात एकदाच फुलतो. पहिला तुरा कोमेजला की त्याच्या खालून बहुधा दुसरा व कधी तिसरा तुरा निघतो. म्हणून पहिल्या तुऱ्याबरोबर संपूर्ण दांडा छाटण्याची घाई करू नये. वाळलेला तुरा तेवढा खुडावा. सर्व तुरे झाल्यावर मात्र तो दांडा जमिनीलगत विळ्याने कापावा. त्यामुळे नव्या कोंबांना उजेड व हवा मिळते.

लागवड

कर्दळीला उन्हाची आवड फार. दिवसातून निदान सहा तास स्वच्छ ऊन मिळेल अशी जागा तिला द्यावी. सावलीत ती मरत नाही, परंतु पाने लांबवीत राहते आणि फुलांची कंजुषी करते. माती कोणतीही चालते. मात्र ती भुसभुशीत आणि कसदार असली तर फूल मोठे येते. वाफा दीड फूट खोल खणून दगड-गोटे वेचावेत आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळावे. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यास चार-पाच घमेली खत, दोन ओंजळी हाडांचा चुरा व तितकीच निंबोळी पेंड पुरेशी होते.

दोन-तीन ठसठशीत डोळे असलेला कंदाचा तुकडा घेऊन तो आडवा ठेवावा, डोळे वरच्या बाजूस असावेत, आणि त्यावर चार बोटे माती ओढावी. दोन तुकड्यांत अर्ध्या मीटरचे अंतर राखावे. या हिशेबाने वर सांगितलेल्या वाफ्यास डझनभर तुकडे पुरतात. सुरुवातीस हे अंतर फार वाटते व मध्ये आणखी कंद कोंबण्याचा मोह होतो, तो टाळावा. उंच वाण मागे व ठेंगणे पुढे लावावेत. ज्यांना अंगण नाही त्यांनी ठेंगणा वाण निवडून निदान एक फूट व्यासाच्या कुंडीत एकच तुकडा लावावा. कुंडीतील कर्दळ मात्र दरवर्षी उकरलीच पाहिजे, अन्यथा कंद वाढून कुंडीला तडा जातो.

कोंब वर येईपर्यंत पाणी बेताने द्यावे, कारण पाने नसलेला कंद जादा पाण्याने कुजतो. एकदा पाने फुटली की ती भरपूर पाणी पिते. उन्हाळ्यात वाफ्यावर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. फुलण्याच्या काळात महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले खत प्रत्येक बुंध्याशी घालून खुरप्याने माती हलवावी.

प्रांताप्रांतांतील वेळापत्रक

आपल्या देशातील हवामान इतके भिन्न आहे की, एकच पंचांग सर्वांना लागू पडत नाही. महाराष्ट्राचे पठार व मध्य प्रदेश या भागांत थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, किंवा जूनमध्ये पहिल्या सरी पडून गेल्यावर कंद फोडावेत. विदर्भासारख्या कडक उन्हाळ्याच्या भागात जूनच सोयीचा.

कोकण, गोवा आणि केरळ येथे धो धो पावसात ताजे कापलेले कंद कुजण्याची भीती असते. तेथे एकतर मे महिन्यात किंवा पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरात हे काम उरकावे आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. बंगाल व आसाममध्येही उंच वाफाच बरा.

दिल्ली, पंजाब व उत्तर प्रदेशाच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत कडाक्याच्या थंडीने पाने काळवंडतात. झाड मेले असे समजून ते उपटून टाकू नये. करपलेले दांडे वीतभर ठेवून कापावेत व वर पाचोळ्याचा जाड थर द्यावा. कंद जमिनीत जिवंत असतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. सिमल्यासारख्या हिमवर्षावाच्या ठिकाणी मात्र थंडीपूर्वी कंद काढून कोरड्या वाळूत, घरात, गारठ्यापासून दूर ठेवावेत व एप्रिलच्या सुमारास पुन्हा लावावेत.

कंद कसे फोडावेत

साधारणतः दर दोन वर्षांनी सबंध बेट उकरणे हे उत्तम. दांडे वीतभर ठेवून कापावेत. कुदळ बुंध्याशी न मारता बेटाच्या बाहेरून, वीतभर अंतरावरून घालावी, म्हणजे कोवळे डोळे तुटत नाहीत. गड्डा वर आल्यावर माती झटकून तो नीट पाहावा. कडेचे फिकट, टणक, डोळे असलेले कंद हे भांडवल. मधले काळपट, पोकळ अथवा सुरकुतलेले कंद टाकाऊ. भांडवल धारदार चाकूने दोन-तीन डोळ्यांच्या तुकड्यांत कापून एक-दोन दिवस सावलीत पसरावे. कापलेला भाग सुकला की कुजण्याचे भय कमी होते. दरम्यान वाफा पुन्हा खणून त्यास ताजे खत द्यावे आणि मगच लागवड करावी. जुन्या मातीत तसेच कंद पुरणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

पान पाहिल्यावाचून कंद देऊ नये

कर्दळीचे साधे शत्रू ओळखण्यास व आवरण्यास कठीण नाहीत. पाने गुंडाळून आत लपणाऱ्या अळ्या हाताने वेचाव्यात. पावसाळ्यात गोगलगायी रात्री बाहेर पडून पाने कुरतडतात. त्या तिन्हीसांजेनंतर कंदील किंवा विजेरी घेऊन, हातात पिशवी चढवून गोळा कराव्यात. पानाच्या मागे नारिंगी भुकटीचे ठिपके दिसले तर तो तांबेरा होय. अशी पाने कापून नष्ट करावीत व बेट विरळ करावे, म्हणजे वारा खेळतो.

खरा धोका आहे तो विषाणुजन्य रोगांचा. जगभरच्या कर्दळींत गेल्या काही दशकांत तो बराच पसरला असून त्यातील पिवळ्या ठिपक्यांचा विषाणू भारतातही आढळला आहे. पानांच्या शिरांच्या मधल्या भागात वेड्यावाकड्या पिवळ्या रेघा व ठिपके उमटतात, पुढे ते तपकिरी होऊन करपतात; झाड खुजे राहते आणि फुलांवर रंगाचे विस्कटलेले पट्टे दिसतात. यांतील काही विषाणू मावा या किडीमार्फत पसरतात; परंतु माणसाने रोगट झाडाचा कंद फोडून पुढे देणे हा प्रसाराचा सर्वांत सोपा मार्ग आहे. ज्या सवयीने ही झाडे घरोघर पोचली, त्याच सवयीने त्यांचा रोगही घरोघर पोचतो.

या रोगावर औषध नाही. कंदाकडे पाहून तो ओळखताही येत नाही, कारण रोगट कंद वरून धडधाकट दिसतो. म्हणून एक नियम पाळावा : कंद काढण्याच्या दिवशी निवड न करता, झाड भर पानांत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, निरोगी दांड्यांना सुतळी बांधून खूण करावी आणि पुढे त्याच दांड्यांचे कंद लागवडीस व वाटण्यास घ्यावेत. रोगी बेट मुळासकट काढून, उन्हात पूर्ण वाळवून नष्ट करावे. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. प्रत्येक बेट फोडल्यानंतर चाकू साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन स्पिरिटने पुसावा.

येथे दोन गैरसमज टाळावेत. काही वाणांच्या पानांवर मुळातच शिरांच्या ओळीने रेखीव पिवळे पट्टे असतात; ती त्यांची शोभा आहे, रोग नव्हे. तसेच केवळ कोवळी पाने सारखी फिकट दिसू लागली तर ती अन्नाची उणीव असू शकते व खत दिल्यावर नवी पाने हिरवी येतात. रोगाच्या खुणा मात्र खताने जात नाहीत. तरीही संशय राहिला तर ते झाड वेगळ्या कुंडीत लावून एक हंगाम पाहावे. तोवर त्याचा तुकडा कोणास देऊ नये.

उरलेल्या कंदांचे काय करावे

बेट फोडल्यावर आपल्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक कंद हाती येतात. ते टोपलीत भरून नाल्याकाठी ओतून देणे हा सर्वांत वाईट मार्ग. कर्दळीला ओलसर जागा मानवते. ओढ्याकाठी ती रुजली की तेथील मूळच्या झाडझाडोऱ्याला हटवू लागते. दक्षिण आफ्रिकेत याच कारणास्तव कॅना इंडिकाची गणना उपद्रवी वनस्पतींत करण्यात आली आहे. टाकाऊ कंद उन्हात खडखडीत वाळवूनच टाकावेत.

चांगले कंद मात्र शेजारी, शाळा, दवाखाना, वसाहतीचे आवार यांच्या कामी यावेत. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना तर हे झाड फार सोयीचे. निघण्यापूर्वी चार कंद कोरड्या वाळूत किंवा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून सामानात घातले की प्रवासात ते सहज टिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडले तर घाम सुटून कुजतात. नव्या गावातील अनोळखी अंगणातही ओळखीचे फूल अशा रीतीने उभे राहते.

घरातील सांडपाण्याच्या वाटेवर कर्दळ, केळ किंवा अळू लावण्याची आपली जुनी पद्धत शहाणपणाची आहे. पाणथळ मातीत तग धरून ती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद आपल्या वाढीसाठी शोषून घेते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ नावाच्या सांडपाणी-शुद्धीकरण पद्धतीत ज्या वनस्पतींचा उपयोग होतो, त्यांत कर्दळही आहे. घरी हा प्रयोग करताना एवढे पाहावे की, पाणी जमिनीत मुरले पाहिजे. डबके साचले तर फुलांपेक्षा डासच अधिक होतील.

मुलांसाठी एक प्रयोग

ज्या साध्या कर्दळींना बी धरते त्यांची खरखरीत बोंडे वाळली की आतून काळे, गोल, छऱ्यासारखे कठीण बी निघते. इंग्रजीत या झाडाला ‘इंडियन शॉट’, म्हणजे छर्रा, म्हणतात ते यामुळेच. या कवचाची ताकद केवढी, याचा पुरावा अर्जेंटिनात मिळाला. तेथील एका प्राचीन खुळखुळ्यात सापडलेले कर्दळीचे सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे बी रुजले, असे १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे.

मुलांना असे बी द्यावे. कवचाची एक बाजू पांढरा गर दिसेपर्यंत कानशीने किंवा खरखरीत दगडावर घासावी, बी दिवसभर कोमट पाण्यात भिजवावे आणि कुंडीत बोटाच्या पेराएवढे खोल लावावे. न घासलेले बी शेजारच्या कुंडीत लावले की फरक मुलांना आपोआप दिसेल. फूल उमलल्यावर त्यांना हेही दाखवावे की, ज्या भडक भागाला आपण पाकळ्या समजतो ते वस्तुतः पाकळीचे रूप घेतलेले वंध्य पुंकेसर असतात. खऱ्या तीन पाकळ्या अरुंद, फिकट व मागे लपलेल्या असतात.

कर्दळीला रोजची देखरेख लागत नाही. दोन वर्षांतून एक दिवस कुदळ हाती घ्यावी आणि शरदात एक सकाळ पाने न्याहाळण्यात घालवावी, एवढीच तिची अपेक्षा असते. ती पाळली तर तिचे बेट पिढ्यान्‌पिढ्या टिकते व आपल्या कुंपणापलीकडेही फुलत राहते. म्हणून शेजारणीच्या ओंजळीत कंद ठेवताना तो कसा लावावा एवढेच सांगून थांबू नये; पान कसे पाहावे आणि दोन वर्षांनी त्याची वाटणी कशी करावी, हेही त्याबरोबर अवश्य सांगावे.